चौकोनाची डावी कड

परवा गंगापूर रोडने जाताना आमच्या कॉलेजचं मैदान दिसलं. बास्केटबॉलची रिंग कोणीतरी सरळ केली होती. चांगलंच केलं म्हणायचं, पण मी मान वळवून बघतच राहिलो.

आमच्या वेळी गॅदरिंगच्या मंडपाचा टेम्पो मागे घेताना वरच्या बांबूंनी ती रिंग डावीकडे वाकवली होती. सरांनी वेल्डर बोलावला, तर आमच्या कॅप्टनने त्याला चहा पाजून परत पाठवलं. कॅप्टन सटाण्याचा. वर्गात जपून बोलायचा, मैदानात मात्र अहिराणी सुटायची, 'इथे'चं 'आठे' आणि 'जातो'चं 'जास' व्हायचं. "वाकडी शे, पन आपली शे," म्हणाला.

हिशेब चोख होता. पाहुण्या संघांचे नेम हुकायचे आणि आम्ही साळसूद चेहऱ्याने जिंकायचो. आम्ही फ्री थ्रोसुद्धा बोर्डावर आपटूनच टाकायचो, तेही मधोमध नाही, तर रंगवलेल्या चौकोनाच्या डाव्या कडेला. बाहेरगावी गेलं की सामन्याआधी तेवढा हात सुधारून घ्यायचो. त्या हंगामात आम्ही थेट अंतिम सामन्यापर्यंत गेलो.

सामना पुण्यात होता. विद्यापीठाच्या संघाची निवड तिथूनच होणार होती. कॅप्टनचं ते शेवटचं वर्ष, आणि त्या संघात जाण्याशिवाय त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. वेळ संपली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो, आणि त्याला दोन फ्री थ्रो मिळाले होते.

पहिला चेंडू चौकोनाच्या डाव्या कडेला लागून बाहेर गेला. मी बाकावरून ओरडलो, "मधोमध टाक." त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. त्याला कळलं होतं. दुसरा चेंडूही तिथेच लागला. डोक्याला कळलेलं हाताला कळलं नाही.

निवडीत त्याचं नाव आलं नाही. परतीच्या बसमध्ये त्याची चेष्टा करायची कोणाची छाती झाली नाही. नाशिकला उतरल्यावर तो घरी न जाता पिशवी खांद्यावर घेऊन मैदानात गेला. मीही मागोमाग गेलो. त्याने रेषेवर उभं राहून चेंडू टाकला. आत गेला. पुन्हा टाकला. तोही गेला.

"आठे जास ना रे," तो म्हणाला, आणि रिंगखाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला.