बाप्तिस्म्याची भेट

उन्नीच्या खिडकीतून लोकांचे बूट दिसतात. ओस्लोच्या कडेला, जंगल सुरू होतं तिथे आमची वसाहत आहे, आणि उतारावरच्या पिवळ्या लाकडी घराच्या तळघरात उन्नी कित्येक वर्षं भाड्याने राहते. हिवाळ्यात तिच्या खिडक्या निम्म्या बर्फात बुडतात. फक्त ओट्यासमोरची खिडकी जरा उंच आहे. तिच्यातून रस्त्यापलीकडचं आमच्या गृहसंस्थेचं टोकाचं घर दिसतं. तळमजला, पुढे इवलंसं अंगण, अंगणात सफरचंदाचं झाड.

त्या घरात गुद्रुन नावाची म्हातारी एकटी राहायची. तिची औषधं, तिचं वाणसामान, तिच्या पायरीवरचा बर्फ, सगळं उन्नी बघायची. कुणी सांगितलं नव्हतं. दातांच्या दवाखान्यातलं काम आटोपून येताना ती आधी गुद्रुनकडे जायची, मग स्वतःकडे. गुद्रुन गेली आणि परदेशातल्या मुलांनी घर विकायला काढलं, तेव्हा उन्नीने पहिल्यांदाच मनातलं बोलून दाखवलं.

"मला तेवढंच घर हवंय. बाकीची घरं लोकांची आहेत."

बोली लागली ती भर कामाच्या वेळी. "पेशंटचा जबडा उघडा, डॉक्टरांच्या हातात यंत्र, आणि मी ॲप्रनखाली फोनवर आकडे टाईप करतेय," ती नंतर सांगायची. "डॉक्टर म्हणाले, उन्नी, कापूस. मी म्हटलं, थांबा, मी घर घेतेय."

बँकेने घातलेल्या मर्यादेच्या अगदी टोकाशी ती पोहोचली, आणि समोरच्याने बोली थांबवली. घर तिचं झालं.

त्या संध्याकाळी आर्विद कुंपणाशी आला. गुद्रुनच्या वरच्या मजल्यावर राहणारा, उन्नीचा जुना मित्र. त्याची मुलगी सुन्निवा ही उन्नीची धर्मकन्या, बाप्तिस्म्याला मानलेली मुलगी. उन्नीने त्याला काचेतून आत दाखवलं.

"टेबल इथे, खिडकीशी. आणि पडदे लावायचेच नाहीत. खूप झाला अंधार."

"छान," आर्विद म्हणाला. "उजेड चांगला येतो."

एवढंच म्हणाला तो. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

कारण आमच्याकडे बोली जिंकली म्हणजे घर मिळालं असं नसतं. त्यानंतर काही दिवस संस्थेचा कुठलाही जुना सभासद पुढे होऊन त्याच किमतीत ते घर उचलू शकतो. ज्याचं नाव आधी नोंदलेलं, त्याचा हक्क मोठा. म्हणून लोक पाळण्यातल्या बाळाचंही नाव नोंदवून ठेवतात. सुन्निवाचं नाव उन्नीने नोंदवलं होतं. बाप्तिस्म्याला सगळ्यांनी चांदीचे चमचे आणले आणि उन्नीने सभासदत्व. "अजून दात नाहीत आणि हिला घर!" म्हणून आर्विद तेव्हा हसला होता. उन्नीने स्वतःचं नाव मात्र घातलं नाही. त्या दिवसांत तिचा एक माणूस बेर्गनला होता आणि ती तिकडे जाणार होती. ते राहून गेलं. नाव नोंदवलं ते अलीकडे, केस पिकल्यावर.

दोनच दिवसांनी दलालाचा फोन आला. जुन्या सभासदाने हक्क बजावला आहे. नाव सुन्निवा.

उन्नी आर्विदकडे वर गेली नाही, दार ठोठावलं नाही. शनिवारी वसाहतीचं श्रमदान होतं, बर्फावर पाय घसरू नये म्हणून हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली खडी झाडून काढायची होती. वाफल, म्हणजे साच्यातली गोड धिरडी, दरवर्षी उन्नीच भाजते. ती विजेवरचा साचा घेऊन आली, पीठ कालवलं, भाजायला लागली. आम्हाला वाटलं, पचवलं तिने.

आर्विद बशी घेऊन पुढे आला.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"नियमाप्रमाणेच आहे गं सगळं."

"नियम मला माहीत आहे. त्या नियमाचे पैसे मी भरलेत."

"सुन्निवाच्या भविष्याचा प्रश्न होता."

"सुन्निवा ट्रॉम्सोला शिकतेय. तिला इकडे यायचंय का, विचारलंस?"

"येईल कधीतरी. आणि हे बघ, आमचं ठरलंय. तोवर तूच राहा तिथे. भाडं वाजवी लावू. बाहेरच्याला कशाला द्यायचं?"

तो हे प्रेमाने म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की तो उपकार करतोय.

"मी दिलेल्या भेटीचं मीच भाडं भरू?"

"उन्नी, जरा हळू. लोक आहेत."

"असू देत! इतक्या वर्षांत माझा आवाज कुणी ऐकलाय? ऐका आज. मी त्याला टेबल कुठे ठेवणार ते दाखवलं, आणि हा म्हणाला, उजेड चांगला येतो!"

झाडू थांबले. आम्ही सगळे आपापल्या कॉफीत बघत राहिलो, तिथे जणू काही तरंगत होतं. उन्नीने साच्याची वायर उपटली.

"माझा अर्धाच भाजलाय," म्हातारा रांगवाल्ड म्हणाला.

"घरी जाऊन पाव खा. पीठ संस्थेचं आहे, ते ठेवते. साचा माझा आहे."

गरम साचा ॲप्रनमध्ये गुंडाळून, हात भाजत, ती रस्ता ओलांडून गेली.

सुन्निवाचा फोन त्याच दिवशी आला. ती रडत होती. "बाबा म्हणाले, तूच माघार घेतलीस. म्हणून मी सही केली. मी संस्थेला विचारलं, आता मागे घेता येत नाही म्हणतात. तुला विकलं, तरी पुन्हा कुणी जुना सभासद मध्ये येऊ शकतो."

"रडू नकोस. तुला दिलेलं मी परत मागत नाही," उन्नी म्हणाली. "पण मला भाडेकरू म्हणून बोलावलंस, तर मी तुझी कुणी नाही."

शरदात त्या घरात दोन अनोळखी मुली भाड्याने आल्या. त्यांनी पडदे लावले. सफरचंदं गळून अंगणात सडली. उन्नी ओट्याशी उभी राहून ते बघते. रस्त्यात आर्विद दिसला की ती थांबते, त्याच्याकडे सरळ पाहते, तो "कशी आहेस?" म्हणेपर्यंत वाट बघते, आणि मग उत्तर न देता चालू लागते. श्रमदानाला हल्ली विकतची बिस्किटं असतात.

या वसंतात मधल्या इमारतीतल्या बाळाचा बाप्तिस्मा झाला. उन्नी आली, नीट इस्त्रीचा पोशाख करून. बाळाच्या आईने पुडकं उघडलं. आत चांदीचा चमचा.

"अगं, आम्हाला वाटलं होतं, तू सभासदत्व देशील," ती हसत म्हणाली. "तुझी ती कल्पना काय छान होती!"

मागच्या टेबलावर आर्विद केक कापत होता. उन्नीने बाळाच्या हिरडीवरून बोट फिरवलं.

"चमचाच बरा," ती आर्विदला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "चमच्याने कुणाचं घर जात नाही."