यारीवरून सुटलेला धोंडा

बहात्तरच्या दुष्काळात पारनेर तालुक्यातल्या आमच्या विहिरीत पाण्याचा टिपूस उरला नव्हता, म्हणून चुलतभाऊ आणि मी ती आणखी खोल करत होतो. तो तळाशी फोडलेले दगड बकेटीत भरायचा, मी काठावर यारीला. यारी म्हणजे खांबाभोवती फिरणारा लांब दांडा. त्याच्या एका टोकाला बकेट. दुसऱ्या टोकाला छाती लावून दांड्याबरोबर चालत गेलं की इंजिनानं वर ओढलेली बकेट विहिरीबाहेर येते.

नियम एकच होता. बकेट वर आली की तिचा झोका थांबू द्यायचा आणि यारी अगदी सावकाश वळवायची. तोवर खालच्यानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. मी सुट्टीत आलेला कॉलेजवाला, डोक्यावर ऊन, मला कुठला दम! त्या दुपारी मी यारी जोरात रेटली. बकेटीवरचा एक धोंडा सुटला आणि माझ्या डोळ्यांदेखत मागे-मागे वळत खाली गेला. भाऊ भिंतीला पाठ लावूनच उभा होता. वर काढला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

वहिनी काठावरच होत्या. हवालदाराला त्या म्हणाल्या, "भावजींनी यारी लई जोरात फिरवली. धोंडा फेकल्यावानी सरळ भिंतीकडं गेला."

मी म्हणालो, "यारी हळूच होती. धोंडा आपला आपण मागं वळला."

पहिलं वाक्य खोटं होतं. पण दुसरं मी खरंच पाहिलं होतं, त्यामुळे माझा आवाज कापला नाही. पंचनाम्यात माझं उतरलं. शिकलेला ना मी! भावाच्या वडिलांनी, तात्यांनी, चारचौघांत सुनेला खोटारडी म्हटलं.

पुढच्या वर्षी नगरच्या कॉलेजात सरांनी फळ्यावर फिरती तबकडी काढली. तिच्यावरून सुटलेली गोटी जमिनीवर उभ्या माणसाला सरळ जाताना दिसते, तबकडीवर बसून फिरणाऱ्याला मात्र तीच वळताना दिसते. गोटीला वळवणारं कुणी नसतं, बघणारा फिरत असतो. बाकीची मुलं उतरवून घेत होती, माझं पेन चालेना. धोंडा वळलाच नव्हता, दांड्याबरोबर मीच फिरत होतो. मी दिलेला वेग घेऊन तो सरळ गेला होता. यारी हळू असती तर तो जवळजवळ बकेटीखालीच पडला असता, आणि ते वळण माझ्या ध्यानातही आलं नसतं. माझी साक्षच सांगत होती की मी यारी जोरात फिरवली.

शनिवारी एसटीनं गावी गेलो. वहिनी गोठ्यात शेण भरत होत्या. मी सगळं सांगितलं. "वहिनी, तुमचंच खरं होतं."

"मला काय सांगताय भावजी? म्या डोळ्यांनी बघितलंय. तात्यांस्नी सांगा. वरीस झालं, माझ्या हातचं पानी घेत न्हाईत ते."

तात्या ओसरीवर बसले होते. मी पाया पडलो. अभ्यास कसा चाललाय, असं त्यांनी विचारलं, आणि मी म्हणालो, बरा चाललाय. तोंडाशी आलेलं तिथंच गिळलं. त्याची लाज मला आजही वाटते. वहिनींनी दोन कप चहा आणून ठेवला. तात्यांनी आपल्या कपाला हात लावला नाही. मी माझा संपवला.