कार्डाची पुढची बाजू

रविवारी दुपारी ॲग्नेसचा फोन आला. तिचा नवरा ग्रेगरी सकाळी गेला होता. त्या दिवशी ती दोघं आमच्याकडे जेवायला यायची होती.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी सिडनीत आले आणि विद्यापीठाच्या लायब्ररीत काउंटरवर काम करू लागले. इंग्रजी वाचता यायचं, बोलताना जीभ अडखळायची. म्हणून गरजेपुरतंच बोलत असे. एके दिवशी कॉम्प्युटर विभागातला एक उंच माणूस कॅटलॉगची कोरी कार्डं मागायला आला. माझ्या नावाची पट्टी वाचून मराठीत म्हणाला, "मी वसईचा. कॉम्प्युटरमधलं काही कळतं का तुला?" मी नाही म्हटलं. "झकास! मग तूच पाहिजेस, लायब्ररीबाई."

तो ग्रेगरी. प्रोग्रॅमिंगची एक भाषा घडवत होता. तिच्यात प्रोग्रॅम म्हणजे छोट्या छोट्या वस्तूंचा मेळ. प्रत्येक वस्तूने बाहेरच्यांना काय करून देणार याचा शब्द द्यायचा, आणि ते कसं करते हे आपल्यापाशी ठेवायचं. त्या शब्दाला ते लोक इंटरफेस म्हणत. तो कसा लिहायचा, हाच ग्रेगरीचा ध्यास. एकेका वस्तूचं एक कार्ड: पुढच्या बाजूला दिलेला शब्द, मागे आतली कृती. दुपारच्या चहाला तो कार्ड माझ्यापुढे ठेवी आणि विचारी, ही वस्तू काय करेल? उत्तर शोधायला माझा हात कार्ड उलटू लागला, की "हात गेला!" म्हणून ओरडे आणि कार्ड फाडून टाकी. चुकलं ते लिहिणाऱ्याचं, वाचणाऱ्याचं नव्हे, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. एवढं ऐकल्यावर माझी बोलायची भीती गेली… आधी मराठीत, मग इंग्रजीतही.

त्याचा सहकारी कॉलिन याला हा सगळा फुकटचा खटाटोप वाटे. "मेट, मशिन आतलं वाचून स्वतःच ओळखेल. वर हे वेगळं कशाला टाइप करायचं?"

"मशिन ओळखेल रे. पुढच्या वर्षी तुझा प्रोग्रॅम वाचणारा बिचारा कसा ओळखणार?"

शेवटी विभागाने ठरवलं, पहिल्या वर्षाच्या मुलांना ही भाषा देऊन पाहायची; त्यांना जमली नाही तर काम बंद. ग्रेगरीची कितीतरी वर्षं त्यात गेली होती. कार्डं वाटायला मीही गेले. 'रांग' नावाची वस्तू होती: नवा आला की शेवटी उभा करते, मागितलं की पहिला काढून देते. मुलं भराभर उत्तरं लिहीत होती. मग एका प्रश्नाशी खोलीभर कार्डं उलटल्याचा आवाज झाला. ग्रेगरीचा चेहरा उतरला. एका मुलीने विचारलं, "पण रांगेत कोणीच नसेल तर?" ते पुढच्या बाजूला कुठेच नव्हतं. आता संपलं, असं मला वाटलं. तो मात्र तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "थँक्यू. हेच मला दिसत नव्हतं."

त्याने विभागाकडून मुदत मागून घेतली आणि भाषेत एक नियम घातला: शब्द देताना 'जमलं नाही तर' ही ओळ लिहायचीच, ती नसेल तर मशिनने प्रोग्रॅम घ्यायचाच नाही. दुसऱ्या खेपेला खोली शांत राहिली. कॉलिनच म्हणाला, "नो वरीज, ग्रेग. करू टाइप." ती भाषा आमच्या विद्यापीठाबाहेर फारशी गेली नाही, पण तिथे मुलं ती शिकली.

नियम मग त्याच्या घरातही शिरला. "शनिवारी येतो. जमलं नाही तर ॲग्नेस फोन करेल." ॲग्नेस चिडवायची, "लग्नात फादरसमोर ही ओळ म्हणाला नाही, नशीब माझं!"

शेवटची भेट त्यांच्या क्वेकर्स हिलच्या घरी झाली. तो अंथरुणावर होता, तरी म्हणाला, "रविवारी जेवायला येतो. जमलं नाही तर…" आणि धाप लागून थांबला. पुढचं मीच म्हटलं. तो हसला.

त्याने दिलेलं 'रांगे'चं कार्ड माझ्या टेबलावर आहे. खाली ती ओळ आहे. मागे काय लिहिलंय मला माहीत नाही. उलटायची गरज पडलेली नाही.