खिळ्यांची परात

धार संस्थानात माझ्या बायकोच्या मामांइतका निर्भय माणूस त्या काळी दुसरा नव्हता, आणि मी त्यांच्यावर जो अन्याय केला तो केवळ भित्रेपणाने केला, हे आधीच कबूल करतो. नाही तर त्यांच्या गमती सांगता सांगता मुख्य गोष्ट राहून जाईल. इतकी वर्षे ती तशीच राहिली आहे.

मामा दफ्तरातून निवृत्त झाले आणि लिंबा-संत्र्यांच्या सालींत शिरले. तांबटाकडून त्यांनी एक परात करून घेतली होती, तिच्या पोटात बोथट खिळ्यांची दाटी. तीत ते पिकली लिंबे गोल गोल फिरवीत. टोपलीभर लिंबांमागे चमचाभर तेल निघे. ते काळ्या कापडात गुंडाळलेल्या कुपीत जाई, कारण "हे उन्हात स्वतः बिघडतं आणि दुसऱ्यालाही बिघडवतं." सालीत तेल असते यावर कोणी शंका घेतली, तर ते समईपाशी साल मुडपून ठिणग्या उडवून दाखवीत. अशा एका प्रयोगात आमच्या भटजींची शेंडी थोडक्यात वाचली. डाव्या कानात संत्र्याच्या तेलाचा फाया, उजव्यात लिंबाच्या. संत्रे भीतीवर, लिंबू आळसावर. कोणी भेटले की कुशल विचारण्याआधी ते फाया त्याच्या नाकाशी धरीत आणि खांद्यांकडे पाहत. भीती खांद्यात बसते, वास आत गेला की खांदे उतरतात, असे त्यांचे शास्त्र. बाजारातली माणसे त्यांना दुरून पाहूनच खांदे पाडून चालू लागत. एकदा कचेरीत पेंगणाऱ्या हेडकारकुनाच्या नाकाशी त्यांनी उजवा फाया धरला, तर तो दचकून जागा झाला आणि समोरच्या तिन्ही अर्जांवर 'मंजूर' लिहून मोकळा झाला. त्यातला एक त्याच्याच विरुद्धचा तक्रारअर्ज होता.

पण एक गोष्ट ते प्रत्येकाला बजावीत. तेल हुंगायचे, अंगाला चोळायचे नाही, आणि चुकून लागलेच तर दिवसभर उन्हात जायचे नाही. लोक हसत. मीही हसलो होतो.

देवासला प्लेग आला, घराघरांत उंदीर मरून पडू लागले, तेव्हा मी तिथे नोकरीला होतो. बायकोला दिवस गेलेले. तिला आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन मी धारेला मामांकडे आलो. तिथेही मी दिवसातून दहादा स्वतःची बगल चाचपून पाहत असे, गाठ आली की काय म्हणून. मामा माझ्या नाकाशी संत्रे धरीत; माझे खांदे काही उतरत नसत. नुसते हुंगून इतरांना इतका गुण, तर चोळून रोगही दूर राहील, असे माझ्या भेदरलेल्या डोक्यात आले. एका सकाळी कोणी नसताना संत्र्याचा गुण आला नव्हता म्हणून मी लिंबाची कुपी काढली आणि मुलीच्या मानेला, दंडांना भरपूर तेल लावले. ती दिवसभर अंगणात खेळली. दुसऱ्या दिवशी मान लाल झाली. तिसऱ्या दिवशी फोड आले आणि काळपट पट्टे उठले.

मामांनी पाहताक्षणी विचारले, "जावईबापू, अंगाला लावलं होतं का?"

दारात बायको उभी होती. पोरीला कुपीपासून जपा, असे मामांनी आम्हा दोघांनाही सांगून ठेवले होते.

मी म्हणालो, "नाही."

तपासणीचा जमादार घरोघर हिंडतच होता. "मामासाब, छोरी की गर्दन पे यो कंई हे?" त्याने विचारले. सालींतले सगळे ज्यांना ठाऊक, त्या मामांनी माझ्या शब्दाखातर ठाऊक नाही म्हटले. मुलीला गावाबाहेरच्या झोपड्यांत न्यायचे ठरले, सोबत एकच माणूस. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उपरण्याची घडी सारखी करत राहिलो. मामांनी संत्र्याची कुपी कनवटीला खोचली आणि पोरीला कडेवर घेतले. "चल गं, आपण वास घ्यायला जाऊ."

मी रोज सकाळी ओढ्याच्या अलीकडे उभा राहत असे. शेजारच्या झोपडीतून एकेक माणूस चादरीत गुंडाळून बाहेर येई, आणि पुढची चादर केवढी असेल, हे मी मनाशी मोजत राही. माझ्या एका शब्दावर मामांनी झोपड्यांवरच्या डॉक्टरला पटवले असते आणि दोघे घरी आली असती. पण डाग तेलाचे की रोगाचे, हे मलाही नक्की कळत नव्हते. त्या शंकेच्या आड मी लपलो. पलीकडून मामा ओरडून सांगत, "ताप नाही, गाठ नाही. खांदे पाडा, जावईबापू." आणि पोर स्वतःचे खांदे पाडून मला दाखवी.

दहाव्या दिवशी दोघे धडधाकट परतली. डाग विटत गेले तसे मामांनी ओळखले की हे तेलच होते. त्यांनी मला पुन्हा विचारले नाही. आपलाच तेलकट हात पोरीला लागला असणार, असे त्यांनी घरात सांगितले आणि दोन्ही कानांतले फाये काढून टाकले. "आता या हातांचा भरवसा नाही," म्हणाले. मी ऐकले, आणि रोग ओसरल्यावर देवासला निघून गेलो.

पुढे त्याच मुलीच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन मी धारेला गेलो. मामा फार थकले होते. अंगणात तीच परात, तीत पाणी, आणि खिळ्याखिळ्यावर बसून चिमण्या ते पीत होत्या. फाये नसल्यामुळे मामांचे कान उगीचच मोठे दिसत होते. मी अक्षता दिल्या. त्यांनी जुन्या सवयीने माझ्याकडे निरखून पाहिले.

"तुमचे खांदे अजून वरच आहेत हो."

"मामा," मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, अंगाला लावलं का म्हणून. लावलं होतं. मीच लावलं होतं. तुमच्या हातांचा काही दोष नव्हता. मला क्षमा करा."