बिनगुळाचा हर्जाना

निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं, पण ते आम्हाला काय माहीत. आम्हाला एवढंच माहीत होतं, की लातूरच्या गंज-बाजारात आपलं तेलाचं दुकान झालंय आणि ते तीन वर्षांसाठी सावकाराकडं गहाण हाय.

गहाण म्हणजे दुकान आमचं, पैसा त्याचा आणि ओटा दोघांचा. आपल्या गहाणावर नजर ठेवायला सावकार रोज सकाळी ओट्यावर येऊन बसायचा, गिऱ्हाइकं मोजायचा आणि चहा मागायचा. आम्ही दुकानामागंच राहायचो. चहा बायको करायची. दोन वर्षं केला. मग एक दिवस कप आपटून म्हणाली, "याचे पैसे फेका एकदाचे. मला माझा ओटा मोकळा पाहिजे."

दोन हंगाम करडईनं हात दिला होता. मुद्दल आणि दोन वर्षांचं व्याज फडक्यात बांधून मी सावकारापुढं ठेवलं. वाटलं, खूष होईल. त्याचं तोंडच उतरलं.

"आप्पा, अजून एक वर्ष हाय की."

"म्हणून तर आधी देतोय."

"मग तिसऱ्या वर्षाचं व्याज बी टाक. आधी फेडलं तर हर्जाना लागतो. कागदात लिव्हलंय."

उशिरा दिल्यावर हर्जाना मी ऐकला होता. लवकर दिल्याचा गुन्हा नवीन होता.

कागद उर्दूत. मला मराठी अक्षरं जुळवून वाचता येतात, उर्दू न्हाई. कचेरीबाहेर बसणाऱ्या ज्या अर्जनवीसानं तो लिहिला होता, त्याच्याकडं दोघं गेलो. त्यानं वाचलं: मुदतीआधी रक्कम फेडली तर पुऱ्या मुदतीचं व्याज द्यावं. माझ्यापेक्षा सावकारच जास्त चकित झाला. उर्दू त्याला बी येत नव्हतं. नुसतं दडपून बोलला होता, ते खरं निघालं.

"हे कुणी लिव्हायला सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी न्हाई. मी सगळ्यांच्याच कागदात टाकतो. कागद भरल्यासारखा दिसतो. वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही 'जी हुजूर' म्हणालात की."

म्हणालो होतो. चार माणसांत उर्दू कळत नाही असं कोण कबूल करणार? सावकारानं बी तेच केलं होतं. दोघांनी नुसती मान डोलवून दुकान गहाण टाकलं होतं.

ओट्यावर परत येऊन आम्ही भांडत बसलो. बायको बाहेर आली.

"सावकार, मुद्दल घ्या, दोन वर्षांचं व्याज घ्या. हर्जाना म्हणून वर्षभर चहा पाजते."

सावकारानं विचार केला. कोर्टात गेलं तर वकीलच खाणार, हे त्याला माझ्याआधी कळलं.

"बरं आक्का. पण कागद वर्ष सरल्यावर देईन."

"द्या."

ज्या चहाला कंटाळली होती, तोच वर्षभराचा गळ्यात घेतला. आत जाऊन मी तिला येडी म्हणालो, आणखी बरंच म्हणालो.

दुसऱ्या सकाळी सावकारानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आक्का, गूळ?"

"हर्जान्यात गूळ लिव्हलाय का? अर्जनवीसाला विचारा."

वर्षभर त्यानं तो कडू चहा मुकाट पिला. फुकटचा सोडवत नव्हता. वर्ष सरलं तशी तिच्यासमोर कागद फाडला आणि गेला. दुसऱ्या सकाळी सवयीनं परत आला, ओट्याच्या कडेला चोरासारखा टेकला. तिनं चहा आणला. घोट घेऊन त्यानं वर बघितलं. गोड होता.

"आजपासून पाहुणे तुम्ही," ती म्हणाली.

सावकार जाऊन लई वर्षं झाली. ती मागच्या थंडीत गेली. येडी म्हणालो होतो ते परत घ्यायचं राहून गेलं. दरवर्षी वाटायचं, सांगू की, मुदत हाय.

आता सकाळी ओट्यावर मी बसतो. सून चहा आणून देते.

"मामंजी, गूळ नको का म्हणता? डॉक्टरनं मना केलंय का?"

"न्हाई," मी म्हणतो, "हर्जाना चालू हाय."