वाईट बातमी आधी

नील आणि ईशा, पुढच्या महिन्यात शबाना तुमच्याकडे जेवायला येईल. कंपनीच्या कामासाठी ती पंधरा दिवस अमेरिकेत, तुमच्याच शहरात आहे. बिर्याणीत मीठ कमी पडलं तर ती तोंडावर सांगेल. तुम्हाला ती उद्धट वाटू नये, म्हणून आताच लिहिते.

मी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर समोरच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग सुरू केला. शबाना माझी कॉलेजातली विद्यार्थिनी. वडिलांचं बसस्टँडजवळ फळांचं दुकान आहे. तिला पुण्याच्या एका कंपनीत टेस्टरची नोकरी लागली होती, काम बीडमधूनच. टेस्टर म्हणजे सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणारी व्यक्ती. हे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी होतं.

एका दुपारी ती आली ती रडवेली होऊन. क्लायंट, म्हणजे तिकडचे डेव्हिडसाहेब, भर कॉलवर तिला म्हणाले होते, तुला माहीत होतं आणि तू सांगितलं नाहीस. पुण्याच्या टीम लीडने बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर प्रोबेशन संपताच घरी.

"मॅडम, मी काय लपवलं न्हाई. सगळं सांगितलं. मग ते कावून चिडले?"

"कोणत्या क्रमाने सांगितलंस?"

तिने क्रम सांगितला. आधी घरच्यांची विचारपूस. मग काय काय नीट चाललंय ते. मग टीमने किती मेहनत घेतली. आणि निरोप घेता घेता, एक छोटासा प्रॉब्लेम पण आहे. तो छोटासा प्रॉब्लेम म्हणजे एकाच वेळेला दोन पेशंटना अपॉइंटमेंट मिळत होती.

मला तिचे आजोबा गेले तो दिवस आठवला. त्यांच्या गावाहून, चौसाळ्याहून फोन आला होता, "तब्येत जरा नरम हाय, निघा." शबानाची आई जीपमध्ये बसायच्या आधीच रडायला लागली होती. आपल्याकडे वाईट बातमी अशीच देतात, ऐकणाऱ्याला सावरायला वेळ देत. ऐकणाराही उरलेलं समजून घेतो. डेव्हिडसाहेबांना चौसाळ्याचा फोन कधी आलेला नव्हता.

शबानाचं इंग्रजी चांगलं होतं. ते मीच शिकवलं होतं. शिकवायची होती ती वेगळीच गोष्ट. मी तुमच्या आजोबांना डेव्हिडसाहेब केलं. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस, साहेब व्हायला लगेच तयार. हातात स्टीलचा पेला आणि चमचा. पहिल्या वाक्यात वाईट बातमी आली नाही, की पेल्यावर चमचा वाजवायचा.

"गुड मॉर्निंग डेव्हिड, होप यू आर..."

टण्ण.

"सर, नमस्कार तरी करू द्या की."

"नमस्कार कर. खुशाली नको. माझी तब्येत ठणठणीत आहे."

चार-पाच संध्याकाळी घरात नुसती टणटण. शबाना म्हणायची, असं बोललं की आपण भांडायला आलो असं वाटतं. मी म्हटलं, आवाज मऊ ठेव, बातमी मऊ करू नकोस.

मग खरी वेळ आली. लाँच दोन दिवसांवर होतं, म्हणजे ते सॉफ्टवेअर दवाखान्यांत प्रत्यक्ष सुरू होणार होतं. आणि शबानाला सापडलं, की एका दवाखान्याच्या पेशंटची नावं दुसऱ्या दवाखान्याला दिसतायत. टीम लीडचा मेसेज आला, लाँच तोंडावर आहे, जरा जपून सांग. वीज गेलेली, म्हणून इन्व्हर्टरसाठी ती आमच्याकडूनच कॉलला बसली. आजोबा पेला घेऊन तिच्यासमोर बसले. मी तो काढून घेतला.

"गुड मॉर्निंग, डेव्हिड. वुई कान्ट लाँच ऑन थर्सडे." आणि पाठोपाठ कारण, एका वाक्यात.

शबानाने माझं मनगट धरलं. नखं रुतली.

साहेबांनी विचारलं, किती खात्री आहे? ती म्हणाली, दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर करून पाहिलंय, खात्री आहे. काय हवंय? आणखी दोन दिवस आणि तुमच्याकडचा एक माणूस.

"यू गॉट इट," साहेब म्हणाले. "अँड थँक यू फॉर सेइंग इट फर्स्ट."

कॉल बंद झाल्यावर ती हसायला लागली ती थांबेना. म्हणाली, "मॅडम, लई सोपं होतं हो." आजोबांनी पेला मागून घेतला आणि स्वतःच्या खुशीने तीनदा वाजवला.

लाँच शनिवारी झालं, नीट झालं. नोकरी पक्की झाली. डेव्हिडसाहेबांनी पुण्याला कळवलं, यापुढे कॉल शबानाच घेईल. आता तिकडे बोलावलंय तेही त्यांनीच. आयुष्यभर मी वाक्यरचना शिकवली. कोणतं वाक्य आधी बोलायचं, हे शिकवायला निवृत्त व्हावं लागलं.

वर्ग अजून भरतो. तेलगाव आणि वडवणीहून मुली एसटीने येतात. पेल्याला पोचा पडलाय, पण वाजतो चांगला.