मंगळवारी गप्प बसणारं टूल

गोविंदसिंग राठोड आमच्या ऑफिसात कुणालाच फारसा आवडत नसे, मलाही नाही. कारंजात एका दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं सॉफ्टवेअर बनवतो. गावातल्या आशाताईने मोबाइलवर बटण दाबलं, की आमच्याकडे कॉल येतो आणि अडलेल्या बाईसाठी जवळच्या जीपवाल्याला निरोप जातो. गोविंदसिंग कामरगावच्या पुढच्या तांड्यावरचा, तिथला पहिला इंजिनिअर. शिकल्याचा तोरा त्याला नव्हता, पण हट्टी असा की विचारू नका.

आमची यंत्रणा बंद पडली तर इशारा देणारं टूल घ्यायचं ठरलं, तेव्हा त्याने तीन आठवडे माझं डोकं खाल्लं. मला आवडलेलं टूल सुटसुटीत होतं, आणि त्यात ठरावीक दिवशी इशारे बंद ठेवता येत. आमच्याकडे मंगळवारी दुरुस्तीसाठी लाइन जाते, टॉवर बंद पडतात, गावांतून एकही कॉल येत नाही. मग दिवसभर इशाऱ्यांची कटकट कोण ऐकणार?

"ताई, कॉल आला नाही म्हंजे लाइनच गेली, असं काहून धरता?" तो म्हणाला.

त्याच्या पसंतीचं टूल दर पाच मिनिटांनी स्वतःच एक खोटा कॉल पाठवायचं, आणि त्याचा निरोप निघाला नाही तर बोंब मारायचं. बाकी दोघं माझ्या बाजूने होते. खरं सांगते, त्याला एकदाचं गप्प करायचं म्हणूनही मी माझंच घेतलं आणि मंगळवारचे इशारे बंद करून टाकले. तो चिडला, पण कामाला लागला. तांड्यावर लोक अडीनडीला त्यालाच फोन करायचे. त्यांनाही त्याने बजावून ठेवलं, "मले फोन करू नका, बटन दाबा."

श्रावणातल्या एका मंगळवारी लाइन गेलीच नाही. आमच्या यंत्रणेतला कॉल घेणारा भाग मात्र सकाळी दहाला बंद पडला. पडद्यावर शून्य कॉल दिसत होते; मंगळवारी शून्यच असतात. गोविंदसिंग माझ्या शेजारीच काम करत होता.

त्याची बहीण संगीता बाळंतपणाला माहेरी आली होती. त्या दुपारी तिला कळा सुरू झाल्या आणि आशाताईने चार वेळा बटण दाबलं. 'निरोप जात आहे' एवढंच दिसत राहिलं आणि दीड तास ती माणसं वाट बघत बसली. जीप कामरगावच्या स्टँडवर रिकामी उभी होती. शेवटी कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून तिला नेलं. बाळ रडलंच नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही गोविंदसिंगच्या पसंतीचं टूल बसवलं आणि मी त्याच्याबरोबर तांड्यावर गेले. संगीता दाराशी बसली होती. काय बदललं, ते त्याने तिला समजावून सांगितलं.

"हे तवा भेटत नोतं का?" तिने त्याला विचारलं.

उत्तर मीच द्यायला हवं होतं.

"भेटत होतं," मी म्हणाले. "म्याच घेतलं नाही."

ती उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.